आईचा आमवात, बहिणीचा आमवात

प्रश्न पुण्यातल्याच एका चाळिशीच्या गृहस्थांचा आहे. आई ७१ वर्षांची, कोथरूडला राहते. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत तिचे दोन्ही खांदे आणि मनगटं धरली, निदान आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस). बहीण ३१ची, हिंजवडीत नोकरी, तिला २९व्या वर्षीच आमवात निघाला होता. आईला मेथोट्रेक्सेट (आमवाताचं मुख्य औषध) आठवड्याला ७.५ मिलिग्रॅम आणि रोज ५ मिलिग्रॅम स्टिरॉइड. बहिणीचं मेथोट्रेक्सेट १५वर होतं, ते आता बंद करून दुसऱ्याच गोळ्या दिल्या, कारण तिला मूल हवंय. एकाच आजाराच्या इतक्या वेगळ्या चिठ्ठ्या कशा? म्हातारपणीचा आमवात सौम्य असतो, आईला भारी औषधं नकोत, असं घरात म्हणतात ते खरं का? आणि मी स्वतःला तपासून घेऊ का?

तुमच्या आई किंवा बहिणीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही. पण दोन्ही चिठ्ठ्यांमागचा विचार मला ओळखीचा आहे आणि तो बरोबर दिशेचा वाटतो.

आधी घरातल्या मंडळींचं उत्तर देतो. उतारवयातला आमवात सौम्य असतो हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. साठीनंतर सुरू झालेल्यांपैकी काहींचा आजार खरंच लवकर आटोक्यात येतो, विशेषतः ज्यांचे रक्तातले आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातात वाढणारी प्रतिपिंडं) दोन्ही निगेटिव्ह असतात आणि दुखणं खांद्या-कमरेत जास्त असतं. पण अँटी-सीसीपी चांगलं वाढलेलं असेल, तर सत्तरीतला आमवातही हाडं तितक्याच निष्ठेने कुरतडतो. शिवाय त्या वयात राखीव ताकद कमी. तिशीतली मुलगी महिनाभर अंथरुणात पडली तर उठून पुन्हा कामाला लागते. सत्तरीतली बाई महिनाभर पडली की मांड्यांचे स्नायू जातात, तोल जातो आणि पुढची भेट खुब्याच्या फ्रॅक्चरला होते. मला ओपीडीत जास्त दिसतो तो हा अर्धवट उपचारांचा प्रकार: 'वय झालंय, चालायचंच' म्हणत वर्षभर वेदनाशामक गोळ्या आणि तेल. नंतर येतात तेव्हा मनगट वळत नसतं आणि त्या गोळ्यांनी मूत्रपिंडही दमलेलं असतं.

यात शब्दाचाही घोळ आहे. आपण सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतो. गुडघ्याची झीज वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. फ्लेमिंगो बघायला आपण ज्या भिगवणला जातो, तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी झाली. अंग दुखणारी माणसं भरपूर निघाली, त्यात आमवाताची ढोबळमानाने दोनशेत एक. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा सांधा दुखला की घरातले आणि फॅमिली डॉक्टर आधी झीजच धरतात. बहुतेक वेळा बरोबरही ठरतात. फसतात ते तुमच्या आईसारख्यांच्या बाबतीत.

आता वयाने आजाराचा चेहरा कसा बदलतो ते बघा. तरुणपणी सुरू होणाऱ्यांत बायका पुरुषांच्या साधारण तिप्पट. आजार दबक्या पावलांनी येतो. हिंजवडीहून येणाऱ्या मुली मला जवळजवळ ठरलेली वाक्यं सांगतात: सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की तळव्याखाली खडे ठेवल्यासारखं होतं, आणि सिग्नलला गाडीचा ब्रेक दाबताना बोटं दुखतात. नऊ-साडेनऊपर्यंत हात मोकळे होतात, मग दिवसभर फारसं काही नाही, म्हणून त्या चार-सहा महिने कुणाला सांगतच नाहीत. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं ही या वयाची ठरलेली ठिकाणं. बोटांची अगदी टोकाची पेरं बहुधा सुटतात. ती सुजली असतील तर मी दुसरा आजार शोधतो.

साठीनंतर बायका-पुरुषांतलं अंतर कमी होतं आणि आजार कित्येकदा दार ढकलून आत येतो. आठ दिवसांपूर्वी पर्वती चढणारे आजोबा आज शर्टाच्या बाहीत हात घालू शकत नाहीत. आज्जींना अंबाडा घालता येत नाही, रात्री कुशीवर वळताना ओरडतात. वजन उतरतं, अन्न जात नाही, बारीक ताप येतो. रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी चांगलंच चढलेलं असतं. तुमच्या आईची गोष्ट यात तंतोतंत बसते.

आणि इथेच निदानाची खरी कसरत असते, कारण या वयात असंच दिसणारे चार-पाच आजार रांगेत उभे असतात. सगळ्यात जवळचा म्हणजे पॉलिमायाल्जिया. त्यातही दोन्ही खांदे आणि कंबर आखडतात, सकाळी उठवत नाही, सूज दाखवणारा ईएसआरही चढतो. त्याला १५ मिलिग्रॅमच्या आसपास स्टिरॉइड दिलं की दोन-तीन दिवसांत माणूस उठून चहा करायला लागतो. अडचण ही की उतारवयातला आमवातही त्याच गोळीने तितकाच खूश होतो. सगळ्यांना वाटतं निदान जमलं. मग डोस उतरवत १० वरून साडेसातवर आला की मनगटं आणि बोटांची मुळं फुगतात आणि कळतं की हा आमवातच होता. माझेही पेशंट असे निघालेत. म्हणून सुरुवातीला पॉलिमायाल्जिया म्हटलेलं निदान सहा महिन्यांनी बदललं तर डॉक्टर चुकले असं लगेच म्हणू नका.

बाकी रांगेत युरिक अ‍ॅसिडचा गाऊट आहे, कॅल्शियमचे स्फटिक साचून गुडघा-मनगट सुजणारा त्याचा चुलतभाऊ आहे, आणि क्वचित कुठेतरी लपलेला कॅन्सरही आहे. म्हणून वजन जास्तच उतरलं असेल तर मी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पुण्यात याशिवाय चिकुनगुन्या. २०२४च्या पावसाळ्यात तो इतका जोरात होता की दिवाळीपर्यंत माझ्या ओपीडीतला प्रत्येकजण 'मला तेच झालं असेल' म्हणत येत होता. त्याने बोटं आणि घोटे महिनोन् महिने सुजलेले राहू शकतात. ताप आला होता का, अंगावर पुरळ होतं का, घरात अजून कुणाला झालं का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि कधी कधी हजारोंच्या तपासण्या वाचतात.

रक्ताचे रिपोर्टही वयाप्रमाणे वाचावे लागतात. आरए फॅक्टर थोडासा पॉझिटिव्ह येणं हे वय वाढेल तसं धडधाकट माणसांतही जास्त आढळतं, त्यामुळे ७०व्या वर्षी जेमतेम वाढलेल्या आकड्याला मी फार भाव देत नाही. अँटी-सीसीपी जास्त भरवशाचं. ईएसआरचं तर साधं गणित आहे. बाईच्या वयात १० मिळवा आणि निम्मं करा, ती वरची मर्यादा. पुरुषासाठी नुसतं वयाचं निम्मं. म्हणजे तुमच्या बहिणीला २०च्या वर गेलं की शंका, आणि आईला ४०पर्यंत चालू शकतं. लॅबच्या कागदावर मात्र दोघींनाही एकच '० ते २०' छापलेलं असतं आणि आईचा समजा ३८ आला, तर त्यापुढे ठळक बाण येतो. तो बाण बघून घाबरून औषध वाढवायचं नसतं. आधी सांधे दाबून बघायचे.

आता गोळ्यांकडे. दोघींचं मूळ औषध एकच, मेथोट्रेक्सेट. वय काहीही असो, अडचण नसेल तर सुरुवात त्यानेच. मग आईला निम्मा डोस का? ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं म्हणून. इथे एक छोटा हिशेब दाखवतो, कारण तो घरच्यांना कुणी सांगत नाही. समजा आईचं वजन ४६ किलो आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो स्नायूंचा टाकाऊ पदार्थ) १.० आहे. रिपोर्टवर हा आकडा अगदी नॉर्मल दिसतो. पण १४०मधून वय वजा केलं, वजनाने गुणलं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागलं आणि बाई म्हणून ०.८५ने गुणलं, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता येते मिनिटाला ३७-३८ मिलिलिटर. बहिणीचं वजन ५५ आणि क्रिएटिनिन ०.८ धरलं तर तीच येते ८८-८९. स्नायू कमी झालेल्या माणसात क्रिएटिनिन तयारच कमी होतं, म्हणून आकडा चांगला दिसतो. क्षमता ६०च्या खाली गेली की डोस हात राखून, ३०च्या खाली गेली की मी मेथोट्रेक्सेट देत नाही. ७५ वर्षांचा काटक, चांगल्या मूत्रपिंडाचा माणूस तरुणाइतका डोस पचवतो, आणि मधुमेहाने मूत्रपिंड गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला तो झेपत नाही. डोस ठरतो तो या आकड्यावर, जन्मतारखेवर थेट नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे तुम्हाला माहीत असणार, तरी लिहितो, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजोबांच्या चिठ्ठीवर मी 'आठवड्यातून एकदा ३ गोळ्या' असं लिहिलं, वार लिहिला नाही. घरी गोळ्या डबीत भरणाऱ्या पुतण्याने त्या रोजच्या कप्प्यात टाकल्या. नवव्या दिवशी आजोबा आले ते तोंडभर फोड घेऊन, आमटीचा घोटही उतरत नव्हता, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं देऊन, दहा-बारा दिवस दवाखान्यात ठेवून ते वाचले. तेव्हापासून मी आकड्याबरोबर वारही लिहितो, तोही पेशंटला विचारून. ज्येष्ठ मंडळी बहुधा गुरुवार निवडतात, दत्ताचा वार लक्षात राहतो. नोकरी करणाऱ्या मुली शुक्रवारची रात्र मागतात, मळमळलं तरी शनिवारी घरी असतात. आईच्या गोळ्या कोण भरतं ते आज बघा, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त' लिहून पुढे वार लिहा. फोलिक अ‍ॅसिड मात्र चुकवू नका, ते मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करतं.

आईच्या वयात दुसरा सापळा म्हणजे बाकीची औषधं. लघवीला जळजळ झाली म्हणून कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं आणि मेथोट्रेक्सेट चालूच राहिलं, तर रक्तपेशी धोकादायक रीतीने उतरू शकतात. प्रत्येक डॉक्टरला आणि केमिस्टला आधी मेथोट्रेक्सेटचं नाव सांगायचं. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक, या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंड बसतं. आणि कुणीतरी हमखास सुचवतो ती 'आयुर्वेदिक' पुडी, जिने दोन दिवसांत जादू होते. त्या जादूत बरेचदा न सांगितलेलं स्टिरॉइड असतं.

स्टिरॉइडची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. जगभर सल्ला असा की ते शक्यतो टाळा, दिलं तर कमीत कमी, थोड्या काळासाठी. तरी आईला ते का दिलं? एक तर तिचा आजार एकदम भडकला होता आणि मेथोट्रेक्सेटला लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुसरं, २०२२ साली ६५च्या वरच्या पेशंटांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दोन वर्षं दिलं, तर आजार जास्त आटोक्यात राहिला आणि सांध्यांची हानी कमी झाली. बदल्यात जंतुसंसर्ग वाढले, बहुतांश किरकोळ. म्हणजे ५ मिलिग्रॅम हे विषही नाही आणि प्रसादही नाही. मी स्वतः ते सहा महिन्यांत उतरवायचा प्रयत्न करतो, पण कुणाचं अडीच मिलिग्रॅमवर अडलं तर हट्ट करत नाही. आईची हाडांची घनता तपासली आहे का ते विचारा. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल तर हाडांचं औषध पहिल्याच दिवसापासून हवं. साखर आणि मोतीबिंदूवर लक्ष. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.

बहिणीची गोष्ट वेगळी आहे, तिच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं आहेत. तरुण वयात हाडांवर खाचा पडायला पहिली एक-दोन वर्षं पुरतात आणि पडलेली खाच भरून येत नाही. म्हणून तिच्या डॉक्टरांनी १५ मिलिग्रॅमपासून जोर लावला असणार. तिच्या हृदयाचाही हिशेब आत्तापासून ठेवायचा, कारण आमवातात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट धरतात.

मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी थांबवावं लागतं, ते गर्भाला घातक आहे. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं दुसरं औषध घेतलं असेल तर ते शरीरात फार काळ रेंगाळतं, वेगळं औषध देऊन धुऊन काढावं लागतं. त्याऐवजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन चालतात, थोडं स्टिरॉइड चालतं. तेवढ्याने भागलं नाही तर सर्टोलिझुमॅबसारखं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शन आहे, जे वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही. सगळं सोडून देऊन 'आता बाळ झाल्यावर बघू' हे मात्र करू नका. भडकलेल्या आजारात दिवस राहणंही अवघड होतं. गरोदरपणात बऱ्याच जणींचा आमवात स्वतःहून शांत होतो, घरचे म्हणतात बरी झाली, आणि बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांत तो उसळतो. तुमच्या घरी तर बाळंतपणाला लेक माहेरी येणार आणि माहेरी आईचेच खांदे धरलेले. बाळाला उचलायला तिसरं माणूस आत्ताच ठरवा.

नव्या, भारी औषधांबद्दल. टोफासिटिनिब गटातल्या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळे सर्रास लिहिल्या जातात. तुमच्या घरी मला ती दोघींनाही नको वाटते, कारणं मात्र वेगळी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या, हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या पेशंटांपैकी ती गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि कॅन्सर बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. म्हणून ६५च्या वर, धूम्रपान करणाऱ्यांत, ती बाकी काही उरलं नाही तरच. बहिणीला गरोदरपणामुळे नको. बायोलॉजिक इंजेक्शनं उतारवयातही चांगला गुण देतात, पण संसर्गाचा धोका मुळातच जास्त असतो. आधी क्षयाची तपासणी, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, आणि आईसाठी नागिणीची लस. नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस आपल्याकडे २०२३पासून मिळते.

आईला कोरडा खोकला किंवा जिना चढताना धाप असेल तर ते वयावर ढकलू नका. आमवात फुप्फुसात शिरू शकतो, उतारवयात आणि धूम्रपान केलेल्या पुरुषांत जास्त. बाल्कनीत कबुतरं असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. कबुतरांच्या विष्ठेनेही फुप्फुसं खराब होतात आणि मग दोष आजाराचा, औषधाचा की कबुतरांचा हे ठरवताना आमची दमछाक होते.

लहान मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बहिणीला बाळाची काळजी वाटत असेल म्हणून एवढंच: सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होणारा संधिवात हे वेगळं घराणं आहे, त्याचे प्रकारही अनेक आहेत. मोठ्यांच्या आमवातासारखा त्यातला फारच थोडा.

राहता राहिलात तुम्ही. आई आणि बहीण दोघींना आहे म्हणून तुमचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त, पण दोनशेत एकाच्या काही पट म्हणजे तरी शेकड्यात मोजकीच माणसं. आनुवंशिक ओढ तरुणपणी सुरू होणाऱ्या आजारात जास्त दिसते, साठीनंतरच्यात कमी. काही दुखत नसताना अँटी-सीसीपी करू नका. पॉझिटिव्ह आलं तर आज द्यायला सर्वमान्य औषध नाही, झोप मात्र जाईल. सिगारेट ओढत असाल तर सोडा, तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा धोका तोच. हिरड्या दाखवून घ्या, त्यांच्या आजाराचाही आमवाताशी संबंध दिसतो. आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त हात आखडायला लागले, तर एका हाताने दुसऱ्या हाताची मूठ बाजूंनी, हस्तांदोलन करताना दाबतो तशी, बोटांच्या मुळांवर दाबून बघा. कळ आली आणि दोन-तीन आठवडे येत राहिली, तर सरळ या.